कोट भाड्यानं, रात्री विकत

मागच्या अंकात नॉर्वे आणि स्वीडनच्या उत्तर टोकाला हिवाळ्यात एकटी जाऊन आल्याचं मी या सदरात ओझरतं लिहिलं होतं. बँकेतून निवृत्त झालेली टिळकवाडीतली एक बाई ध्रुवीय प्रकाश (सूर्याकडून आलेल्या कणांमुळं ध्रुवाजवळच्या आभाळात रात्री उमटणारा रंगीत उजेड) बघून येते, हे पुष्कळांना पटलेलं दिसत नाही. कारण पत्रांचा ढीग पडलाय. काहींनी नुसतंच ‘खरंच का हो?’ एवढंच विचारलंय. त्यांना माझं उत्तर, ‘होय की!’ बाकीच्यांतली चार पत्रं घेते.

मी ५४ वर्षांची, माध्यमिक शाळेत शिक्षिका. ध्रुवीय प्रकाश एकदा डोळ्यांनी बघायचा, असं फार वर्षांपासून मनात आहे. मिस्टरांना थंडी सोसत नाही, मुलगा पुण्यात नोकरीला. घरचे म्हणतात, ‘एकटी बाई, रात्रीची, तीही बर्फात?’ शिवाय आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर म्हणाले की सूर्य २०२४ मध्ये भरात होता, आता उतरणीला लागला, आता जाण्यात अर्थ नाही. कुठं जावं, किती दिवस, आणि एकटीनं जावं का?
– एक वाचक, खानापूर तालुका

बाई, तुमच्या सरांचं अर्धं बरोबर आहे. सूर्याच्या चढ-उताराचं चक्र साधारण ११ वर्षांचं, आणि चालू चक्र भरात आल्याचं नासानं ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं. त्याच वर्षी १० मेच्या रात्री एवढं जबर सौर वादळ आलं की लडाखमध्ये हान्लेच्या वेधशाळेवरून तांबडा उजेड टिपता आला. तसली वादळं आता विरळ होत जातील, हे खरं. पण तसलं वादळ हान्लेला उजेड पोचायला लागतं. नॉर्वेतलं ट्रोम्सो, स्वीडनमधली ॲबिस्को आणि किरुना ही गावं मुळातच त्या प्रकाशाच्या कड्याखाली वसलेली आहेत. पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवाभोवती हे कडं कायम असतं. सूर्य जोरात असला की ते फुगून दक्षिणेकडं सरकतं, शांत असला की आक्रसतं, तरी या गावांच्या आसपासच राहतं. आणखी एक. सूर्य उतरणीला लागला की त्याच्या बाहेरच्या आवरणात मोठी भगदाडं पडतात आणि त्यांतून वेगवान वारा वाहत राहतो. सूर्याचा तोच भाग साधारण २७ दिवसांनी पुन्हा आपल्यासमोर येतो. म्हणून एखाद्या आठवड्यात चांगला प्रकाश दिसल्याची बातमी असली, तर २७ दिवसांनी पुन्हा थोडी आशा धरायची. हे सरांना सांगा, आवडेल त्यांना.

तुमचा वैरी ढग आहे. आणि ढगांचं गणित खानापूरच्या माणसाला मी काय शिकवणार! समुद्रावरून आलेला पाऊस कणकुंबी-जांबोटीला घाटमाथ्यावर रिकामा होतो, बेळगावला पोचेस्तोवर त्यातला जोर जातो, आणि अथणीचा शेतकरी आभाळाकडं बघत बसतो. तिकडं अगदी तेच. ट्रोम्सो ही त्यांची कणकुंबी. अटलांटिकचा ओला वारा, पाठीशी डोंगर, आणि हिवाळ्यात कधी बर्फ, कधी चक्क पाऊस. डोंगर ओलांडून स्वीडनच्या बाजूला उतरलं की ॲबिस्को लागतं, ती त्यांची अथणी. वर्षभरात तिथं पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम ३०० मिलिमीटर पडतो. कणकुंबीला आषाढात दोन-चार दिवसांत पडून जातो तेवढा!

म्हणून निम्म्या रात्री ट्रोम्सोला काढा आणि निम्म्या ॲबिस्कोला. ट्रोम्सोहून बसनं नार्विक, तिथून रेल्वेनं ॲबिस्को. किरुनाच्या खाणीतलं लोखंडाचं खनिज नार्विक बंदरात न्यायला १९०२-०३ साली हा रेल्वेमार्ग झाला, अजूनही मालगाड्या त्यावरून धावतात. (त्याच खाणीमुळं किरुना गावाची जमीन खचायला लागली, म्हणून गावच बाजूला हलवताहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथलं लाकडी चर्च अख्खं उचलून चाकांवरून पाच किलोमीटर नेलं. आमच्या गल्लीतला एक विजेचा खांब हलवायला किती वर्षं गेली, ते मी इथं काढत नाही.)

आता पैशांचं. मला विचारायला येणारा प्रत्येक जण आधी कोटाची किंमत विचारतो. कोट राहू दे. रात्री बाहेर नेणारे टूरवाले बहुतेक जण अंगभर सूट आणि बूट देतात, नाहीतर गावात भाड्यानं मिळतात. आपण न्यायचं ते आतलं: लोकरीचे अंगालगतचे कपडे, लोकरीचे मोजे, कानटोपी. सुती बनियन नको. घाम धरून ठेवतं आणि उभं राहिलं की तोच घाम गार पडतो. बुटांत दोन-दोन मोजे कोंबू नका, बोटं हलली पाहिजेत. इथं डिसेंबरात तिबेटी लोक स्वेटर घेऊन बसतात त्यांच्याकडचा एक जाड स्वेटर मधल्या थराला पुरतो. यातून वाचलेले पैसे रात्रींवर घाला. निदान सहा रात्री, जमल्यास आठ. तीन रात्रींत तिन्ही दिवस ढग राहू शकतात. आठांतल्या आठही रात्री झाकलेल्या जाणं, तेही दोन बाजूंच्या दोन गावांत, अवघड आहे.

महिना कुठला? मला विचाराल तर फेब्रुवारीचा शेवट ते मार्च. दिवसा हिंडायला ऊन मिळतं, आणि २१ मार्च, २३ सप्टेंबरच्या आसपास प्रकाशाचा जोर जरा वाढतो, हे जुन्या नोंदींवरून दिसलेलं आहे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत ट्रोम्सोला सूर्य उगवतच नाही. डोंगराआडून तो पुन्हा दिसतो साधारण २१ जानेवारीला. त्या दिवशी तिथं लोक गोड, तळलेले बन खातात. रथसप्तमीला अंगणात दूध उतू घालणाऱ्या आपल्या बायकांना त्यांचं हे लगेच कळेल.

पण मार्चमध्ये तुमची एस.एस.एल.सी.ची गडबड. रजा मिळायची नाही. बर्फाचा हट्ट नसेल तर दसऱ्याच्या सुट्टीत जा. त्या वेळेला रात्र पुरेशी काळोखी झालेली असते, थंडी सोसवेल अशी असते आणि तळी गोठलेली नसल्यानं प्रकाश पाण्यातही दिसतो. हिवाळाच पाहिजे असेल तर जानेवारीच्या शेवटी रजा टाका.

एकटीनं जावं का? मी तर म्हणेन या प्रवासाला एकटंच जावं. ध्रुवीय प्रकाश बघणं म्हणजे मुख्यतः वाट बघणं. घोळक्यात कुणाला थंडी वाजते, कुणाला लघवीला जायचं असतं, कुणाचं पोट बिघडलेलं असतं, आणि तासाभरात ‘काय बी दिसंना, चला’ असा ठराव एकमतानं पास होतो. एकटीला ठराव करायला कुणी नसतं. टूरच्या गाडीत सात-आठ अनोळखी माणसं असतातच, गाडी मुक्कामाजवळून उचलते आणि रात्री तिथंच सोडते. तिकडं मला माणसांची भीती वाटली नाही, पायाखालची वाटली. दिवसा वितळलेलं पाणी रात्री पुन्हा गोठतं आणि फुटपाथवर पाय ठरत नाही. बुटाखाली अडकवायचे लोखंडी काटे दुकानांत मिळतात; तिथल्या म्हाताऱ्या ते घालूनच बाजारहाट करतात. उतरल्या दिवशीच ते घ्या. आणि स्वतः गाडी चालवायच्या फंदात पडू नका, इथं चोर्ला घाट कितीही वेळा उतरला असला तरी.

आता दिसतं काय, हे नीट ऐका, नाहीतर फसगत होईल. शिबोत्नच्या दरीत आमची गाडी थांबली तेव्हा उणे २० च्या खाली होतं. श्वासाची वाफ पापण्यांवर गोठून त्या एकमेकींना चिकटायला लागल्या होत्या. ड्रायव्हर तरुण पोरगा, वाटेत सारखा ढगांचा नकाशा बघत होता आणि फिनलंडच्या हद्दीपर्यंत जायची त्याची तयारी होती. त्यानं उत्तरेकडं बोट केलं. मला दिसला तो फक्त एक राखाडी पट्टा, विरळ ढगाचा असावा असा. मोबाइल धरला तर पडद्यावर तोच पट्टा हिरवागार! अंधुक उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाही, कॅमेऱ्याला कळतो, म्हणून हे असं. बरेच जण इथंच नाराज होऊन गाडीत जाऊन बसले. पट्टा बराच वेळ तसाच पडून राहिला. मग त्याची खालची कड उजळली, एका टोकाकडून हलायला लागली आणि बघता बघता अख्खा पट्टा मोडून डोक्यावर आला. आता डोळ्यांनाही हिरवा, खालच्या काठाला गुलाबी, आणि तो काठ इतक्या वेगानं पळत होता की मान कुठं वळवावी कळेना. गाडीतली मंडळी एका पायात बूट घालून बाहेर धावली. दहा-पंधरा मिनिटांत सगळं पांगलं. हे असंच चालतं: शांत पट्टा, मग उसळी, मग पुन्हा शांत. शांत असताना आत जायचं नाही.

हिरवा रंग ऑक्सिजनचा, शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरचा. त्याच्याही वर, दोनशे किलोमीटरच्या पलीकडं, ऑक्सिजनच तांबडा उजेड देतो. खालच्या काठाचा गुलाबी रंग नायट्रोजनचा. सूर्याकडून आलेले विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकत्वामुळं ध्रुवांकडं वळतात, हे क्रिस्टियन बिर्केलांड या नॉर्वेच्या शास्त्रज्ञानं निर्वात पेटीत चुंबकाचा गोळा ठेवून दाखवलं होतं. १८९९ मध्ये त्यानं अल्टाजवळच्या डोंगरावर यासाठी वेधशाळाही उभारली. नॉर्वेच्या २०० क्रोनरच्या जुन्या नोटेवर त्याचा चेहरा होता. २०१७ च्या नव्या नोटेवर त्याच्या जागी कॉड मासा आला. नोटा उलटून बघायची बँकेतली खोड, ती काही जात नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडं शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्ज. सहा महिने आधीपासून करता येतो. दोन-तीन महिने आधी करून मोकळं व्हा. फी ९० युरो, सेवा केंद्राचे पैसे वेगळे, विमा किमान ३० हजार युरोंचा. पासपोर्ट बेळगावच्या हेड पोस्टातल्या केंद्रात होतो, पण व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला बेंगळूर-मुंबईसारख्या मोठ्या शहरात जावं लागतं. आपल्या भागातल्या दोन खास कटकटी: जुन्या पासपोर्टावर ‘बेलगाम’ आणि २०१४ नंतरच्या कागदांवर ‘बेळगावी’. अर्जात पासपोर्टावर जसं छापलंय तसंच लिहायचं. आणि शेताचा उतारा, घराचे कागद कन्नडात असतात. जोडायचे तर इंग्रजी भाषांतरासकट. शाळा सरकारी असेल तर परदेशी जायची खात्याची परवानगी आधी काढा. मिस्टरांची परवानगी कुणी मागत नाही.

काकू, मी २७ वर्षांचा, कागलच्या एमआयडीसीत नोकरीला. मित्र म्हणतो, ॲपमध्ये केपी पाचवर गेला की तिकीट काढायचं आणि निघायचं. असं जमंल का? नवा मोबाइल घेऊ की कॅमेरा? आणि खर्च कमी कसा करायचा?
– एक वाचक, निपाणी

तुझ्या मित्राकडं व्हिसा आधीच छापून ठेवलेला आहे काय रे? सूर्यावरून निघालेला मोठा झोत पृथ्वीवर यायला एक ते चार दिवस लागतात. तो नक्की किती जोराचा आणि त्याचं चुंबकत्व कुठल्या दिशेचं, हे पंधरा लाख किलोमीटरवरच्या उपग्रहांवरून तो पुढं सरकला की कळतं. आपला आदित्य-एल१ जानेवारी २०२४ पासून तिथंच आहे. तिथून पृथ्वीपर्यंत यायला त्याला तासभर, कधी त्याहून कमी वेळ. तेवढ्यात निपाणीहून तू कोगनोळीचा नाका गाठशील. केपी म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वातली खळबळ मोजायची शून्य ते नऊची मोजपट्टी, आणि पाच-सहा हे आकडे स्कॉटलंड-डेन्मार्कच्या लोकांनी बघायचे. ट्रोम्सोला आभाळ मोकळं असेल तर केपी दोनलाही भागतं. तिथं गेल्यावर आधी ढगांचा नकाशा बघायचा, केपी मागून. अंदाजे संध्याकाळी सहा ते रात्री एकपर्यंत नजर वर ठेवायची.

नवं काही घेऊ नको. हातातल्या मोबाइलला नाइट मोड असेल तर पुरे, मात्र लहानसा ट्रायपॉड घे. कॅमेरा असलाच तर लेन्स जेवढी उघडेल तेवढी उघडी, आयएसओ १६०० च्या पुढं-मागं, शटर तीन ते दहा सेकंद, फोकस हातानं एखाद्या ताऱ्यावर. हे सगळं तिथं हातमोजे घालून, अंधारात करायचंय. तेव्हा अमावास्येच्या आसपास मोटारसायकल काढून कणकुंबीकडं जा आणि डोळे मिटून बटणं सापडेपर्यंत सराव कर. थंडीत बॅटरी चाळीस टक्क्यांवरून एकदम बंद पडते, म्हणून मोबाइल आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेत. आणि खोलीत शिरायच्या आधी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद कर, नाहीतर उबेत आल्या आल्या लेन्सवर दव धरतं.

खर्च कमी करायच्या जागा: हॉस्टेल, स्वतः केलेलं जेवण, आणि शहरात हिंडायला बस. रात्रीच्या टूरवर मात्र कंजुषी नको. मोठ्या बसचं तिकीट हजार क्रोनरच्या आसपास, लहान गाडीचं त्याच्या दीडपट-दुप्पट. क्रोनरचा भाव निघायच्या आधी बघून घे. मोठी बस ठरलेल्या जागी जाऊन उभी राहते, लहान गाडी ढगाच्या मागं-पुढं पळते. मी लहान गाडी घेईन. ॲबिस्कोला तर टूरचीही फारशी गरज नाही. मुक्कामापासून चालत गोठलेल्या तळ्याच्या काठाला गेलं की गावाचे दिवे मागं राहतात.

वय ६७, मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. जाऊ शकेन का?
– एक वाचक, शहापूर

‘जा’ किंवा ‘जाऊ नका’ हे तुमचे डॉक्टर सांगतील. त्यांना ‘फिरायला जातोय’ असं मोघम सांगू नका. ‘उणे वीसमध्ये रात्री चार तास उभं राहायचंय’ असं सांगा. थंडीनं रक्तदाब वाढतो आणि छातीचं दुखणं असलेल्यांना त्रास होतो. इन्सुलिन घेत असाल तर ते गोठता कामा नये. एकदा गोठलं की टाकून द्यायचं. ते शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा. साखर मोजायचं यंत्रही गारठ्यात नीट चालत नाही, तेव्हा उबेत आणून तपासा. पायांची आग किंवा बधिरपणा असेल तर बुटांबद्दल फार जपा, बोट गारठलेलं कळणारच नाही. विमा काढताना जुनी दुखणी लिहून द्या. ती लपवून काढलेला विमा नेमका नको तेव्हा उपयोगाला येत नाही, हे बँकेच्या काउंटरवरून मी पुष्कळदा बघितलंय. मुक्काम ट्रोम्सोलाच ठेवा: समुद्राच्या गरम प्रवाहामुळं तिथं जानेवारीतसुद्धा बहुधा उणे चार-पाचच असतं आणि हाताशी मोठं हॉस्पिटल आहे. ॲबिस्कोची थंडी उणे तीसपर्यंत उतरू शकते. नॉर्वेत ॲम्ब्युलन्सला ११३, स्वीडनमध्ये ११२.

आम्ही शाकाहारी. बरोबर काय न्यावं? घरचं तूप आणि तिथल्या लोकांना द्यायला कुंदा न्यायचा विचार आहे.
– एक वाचक, वडगाव

कुंदा नको, वैनी. तूपही नको. पेढे, खवा, चीज, दूध पावडर, मांसाचं काहीही, यांतलं काही भारतातून नॉर्वेत किंवा स्वीडनमध्ये खाजगी सामानात नेता येत नाही. विमानतळावर बॅग उघडली तर तुमच्यासमोर कुंदा टोपलीत जाईल आणि ते बघवणार नाही. द्यायला भडंग न्या. आमच्या टूरच्या ड्रायव्हरनं माझी अर्धी पिशवी संपवली. थालीपिठाची भाजणी, भाजलेला रवा, मेतकूट, गूळ-शेंगदाणे, एवढ्यावर माझं छान भागलं. तांदूळ, डाळ, बटाटे, ब्रेड तिथल्या दुकानांत मिळतात, बाहेरचं जेवण मात्र फार महाग. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात भांडी असतात, सगळ्यांना वापरता येतात. फक्त तिथं मोहरी-मिरचीची फोडणी देऊ नका. छतावरचा धुराचा अलार्म ओरडायला लागतो आणि अख्खं हॉस्टेल बर्फात येऊन उभं राहतं. फोडणी घरी तेलात करून, पूर्ण गार करून, झाकण घट्ट बसणाऱ्या डबीत भरा आणि ती डबी मोठ्या बॅगेत टाका.